सत्काराचा खारट चहा

नंदाखाल, रविवार, मे १९८४

वीट आला. हॉलंडहून शिकून आले म्हणून चर्चच्या हॉलमध्ये आज माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि खारट चहा.

हॉलंडच्या प्रशिक्षणात आम्ही निरनिराळ्या देशांतले लोक एकाच विहिरीवर काम करायचो. कुणी मातीचा जाणकार, कुणी शेतीचा, मी पाण्याची. आपल्याला काय कळत नाही ते प्रत्येकाने रोज सगळ्यांसमोर सांगायचं, हा तिथला नियम. आधी लाज वाटायची. पण खरं शिकले ते तेवढंच.

आज शेजारच्या वाडीतल्या जॉनकाकांनी विचारलं, "बाय, आपल्या विहिरी खारट का होतात?"

मी म्हटलं, "मला अजून माहीत नाही. मोजावं लागेल."

हॉल हसला. सरपंचांनी माईक काढून घेतला. "पोर दमलीय. विहिरींना काही झालेलं नाही." त्यांचेच टँकर आपल्या गावच्या विहिरी उपसून उमेळ्याच्या नव्या बिल्डिंगांना पाणी नेतात. तरी टाळ्या पडल्या. ज्यांच्या केळी खाऱ्या पाण्याने करपल्या, तेही वाजवत होते. शी.

मग तो चहा. जो तो घोट घेई आणि आणखी साखर मागे. पाणी गावच्याच विहिरीचं.

निघताना जॉनकाका जवळ आले. "माझ्या विहिरीपासून मोजायला घे," म्हणाले. अगदी हळू, सरपंचांकडे पाठ करून.