ओटीचा नारळ

औरंगाबाद, मंगळवार

प्रिय श्रीनिवासराव,

सप्रेम नमस्कार. मी बरी आहे. तुमचा खोकला कमी झाला असेल असं धरून लिहिते.

पुस्तकांचे नमुने घेऊन शाळा पालथ्या घालते आहे. हेडमास्तर चहा देतात, ऑर्डर देत नाहीत. पाय दुखतात, पण काळजी नको.

रविवारी गंगापूरच्या हेडमास्तरांच्या पत्नीनं, मनकर्णाबाईंनी, निघताना माझी ओटी भरली. ओटीचा नारळ घरी नेऊनच फोडायचा, म्हणून तो नमुन्यांच्या पिशवीत ठेवला. काल एसटीतून उतरून पाहते तर उन्हानं तडकलेला, पुस्तकं ओली.

लॉजवाल्या आशाबाई म्हणाल्या, "लई ऊन हाय ताई, तडकतोच. इंग्रजी शाळेत शिकलात अन् नारळाला भिता व्हय?"

खरं आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर असल्या शकुनांना हसायच्या, आणि चिंचेखाली डबा खाताना आम्हीही हसायचो. पण तेव्हा कुणाचं ऑपरेशन ठरलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी तुमच्या ऑपरेशनला पुढचा गुरुवारच ठेवलाय ना? शेजारची उमा रात्री सोबतीला येते ना? तिला म्हणावं, भात मऊ कर. आणि जिना सावकाश चढा.

फर्दापूरचं काम टाळता येत नाही. ते आटोपून शनिवारी निघते.

नारळ रुमालात घट्ट बांधलाय. आशाबाई म्हणतात, द्या टाकून. आता त्याला वास येऊ लागलाय, पण मला तो वाटेत टाकवत नाही.

तुमची,
अंबिका