लाल परकराचा थांबा

बालिनकारा, १२ ऑक्टोबर १९९४

प्रिय फिंटनदादा,

बोस्टनला तू, वहिनी आणि मुलं मजेत असाल. इथे पाऊस नेहमीचाच. बटाटे बरे आले, तांबडी गाय व्यायली, बाबांचा खोकलाही कमी आहे. तुझ्या पत्राचं उत्तर राहिलं. देते, जरा दम धर.

रविवारी प्रार्थनेहून आल्यावर बाबा म्हणाले, "नोरीन, चल, आपल्या लायनीवरून फिरून येऊ." रूळ कधीच भंगारात गेले. उरलाय तो भराव, त्यावर कमरेइतकी काटेरी जाळी. पण गार्ड म्हणून ज्या लायनीवर उमेदीची वर्षं काढली, तिथे बाबा माझ्यापुढे चालत होते! ओढ्यावर पुलाचे नुसते दगडी खांब उभे आहेत. गाडीच्या जुन्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात आता शेजारच्या कॉनकॅननकाकांच्या कोंबड्या राहतात. बाबांनी दार उघडून त्यांना तिकिटं विचारली. हसून हसून माझी पुरेवाट झाली.

"आता थांबा येईल," बाबा म्हणाले, आणि मला तुझं पत्र आठवलं. आई झाडावर लाल परकर टांगून गाडी थांबवायची, ही बाबांची नेहमीची गोष्ट याच थांब्याची. तू लिहिलंस, नकाशात असा थांबाच नाही. म्हातारा भ्रमिष्ट झालाय, घर विकून त्याला वृद्धाश्रमात ठेवू.

वळण संपलं आणि समोर लाल फळांनी लगडलेलं एकटं काटेझाड. मी कोयत्याने खालची जाळी तोडली. रुळांखालचे लाकडी स्लीपर रचून केलेला फलाट, दादा! वर दुधाच्या कॅनचे गोल वण.

आवाज ऐकून कॉनकॅननकाका आले. "बाकी सगळं नांगरलं गं. पण काटेझाड पऱ्यांचं, त्याला हात लावून घरावर संकट कोण ओढवून घेणार?"

"पण नकाशात हा थांबा नाही, काका."

"कसा असेल? आम्हीच बांधला, दुधासाठी. रेल्वे कंपनीला पत्ता लागता तर इथे चोरून गाडी थांबवणाऱ्या तुझ्या बापाची नोकरी गेली असती! अन् तुझी आई तर कॅन नसला तरी परकर टांगायची."

बाबा लाजले, मग तोंडात दोन बोटं घालून अशी शिट्टी मारली की गाई उधळल्या. मी आनंदाने रडले.

तर उत्तर असं: घर विकायचं नाही आणि बाबा कुठेही जाणार नाहीत. ते शेजारी बसून सांगताहेत, "त्याला म्हणावं, नकाशा घरी ठेव आणि ये." माझ्याकडे लाल परकर नाही, लाल एप्रन आहे. तू येशील त्या दिवशी काटेझाडावर तोच टांगते.

या वेळी तुझं मुळीच न ऐकणारी, तरी तुझी वाट पाहणारी,
नोरीन