हंड्यामागची वाटी

ता. २९ मार्च १९३३
शिवयोगी गेला. परवा, पाडव्याला. धाकटा भाऊ माझा!
गल्लीतले डॉक्टर म्हणाले, धनुर्वात — पायात खिळा गेला होता. आमच्या रिवाजाप्रमाणे मांडी घालून बसवून पुरला.

ता. ३१ मार्च
बाहेर हलगी वाजली की त्याचं अंग कमानीसारखं वर उचलायचं. मग सुटायचं, आणि तो नीट बोलायचा. "दादा, हात लावू नको." तेच आठवतं.

ता. ४ एप्रिल
शाळा सुटल्यावर सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या थोरल्या डॉक्टरांनी विचारलं, दातखीळ आधी बसली होती का? नाही. धनुर्वात मधे असा मोकळा सोडत नाही, म्हणाले, आणि तासाभरात नेतही नाही. कुचल्यासारखं जहर नेतं. कुचला मज्जातंतूंवरच बसतो, आवाज, स्पर्श, काही सोसत नाही. जाळलं असतं तर संपलं होतं. मातीत तो टिकतो.
"पण विलक्षण कडू. लपवणार कशात?"
पाडव्याचा कडुलिंब! गिरणीतला मुकादम आप्पा जॉबर, त्याची बायको गोजरबाई आम्हा भावांसाठी दोन वाट्या घेऊन आली होती. "ही मास्तरांची" म्हणत माझी हातात दिली. गिरणीच्या फाटकाशी आप्पाने माणूस भोसकला, ते मी पाहिलं. साक्ष माझी आहे. तरी आई म्हणाली, सणाची वाटी परत करू नये. मला कडू जात नाही. लहानपणापासूनच्या सवयीने हंड्यामागे सरकवली.
भावाला मारून मला भीती घालायची असेल.

ता. ५ एप्रिल
समाधी उघडायचा अर्ज करू? आई म्हणते, "बसवलेल्याला उठवू नये, बाळा."
ईरम्मा, शिवयोगीची बायको, दाराआडून म्हणाली, "खिळा म्या उपसला. नीट धुतला न्हाय, म्हणून गेला म्हणत्यात समदी. उकरा, भावजी."

ता. ६ एप्रिल
अर्ज दिला.

ता. १९ एप्रिल
उघडली. मी तोंड फिरवून उभा होतो. आई माझ्याशी बोलत नाही.

ता. १२ जून
मुंबईहून तपासणीचा कागद आला. कुचलाच! ईरम्माला वाचून दाखवला. "मंजी धुण्यात माजी कसूर न्हवती," म्हणाली, आणि पहिल्यांदा रडली.
उद्या आप्पाविरुद्ध साक्ष.

ता. १३ जून
कोर्टाच्या ओट्यावर लिहितोय.
सकाळी निघताना ईरम्माला म्हटलं, माझी वाटी तपासायला द्यायला हवी होती.
"ती कुटली ऱ्हायला? दरसाली तुमची तेच पीत हुते की. आत्याबाईंनी तुमाला बोलू नये म्हणून. औंदा तर त्यांची सोताची माज्या हातनं सांडली हुती, तुमचीच तेवढी —"
माझ्याकडे बघत राहिली.
साक्ष दिली. आता घरी जायचं आहे.