नावातला जादा एच

६ जानेवारी, सोमवार

या वर्षी परमनंट व्हायचंच. हे मी दर जानेवारीत लिहितो, पण या वेळी कारण आहे.

आज ध्वजवंदनानंतर मेयरसाहेबांनी जाहीर केलं की चौदा फेब्रुवारीला सिटीतर्फे सामुदायिक विवाह, जोडपी शंभर. शेजारच्या सिटीने गेल्या वर्षी ऐंशी लावली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या मॅडम कोराल्देंनी नाही वाजवल्या. जन्म-विवाह-मृत्यू नोंदणीचं खातं त्यांचं. म्हणजे शंभर जोडपी गोळा करायची त्यांनी आणि लिहायची मी.

मॅडम म्हणाल्या, सिमो, तुझं स्पेलिंग चांगलं आहे, कागद तूच कर. याचा अर्थ उघड आहे. नोंदणी अधिकाऱ्याची जागा दोन वर्षं रिकामी आहे. काम नीट झालं की जागा माझी. बेर्तोल्दो दादाला (शेजारचं टेबल, मृत्यू विभाग, माझ्याही आधीपासून काँट्रॅक्टवर) हे सांगितलं. म्हणाला, डेंग्यूच्या साथीत मलाही असंच वाटलं होतं रे.

त्याचा स्वभावच कडू. मयतांच्या कागदांत बसून होतो तसा.

१४ जानेवारी

एकसष्ट जोडपी झाली. प्रत्येक बरांगायच्या, म्हणजे वॉर्डाच्या, प्रमुखाला कोटा दिला आहे, त्यामुळे ते जे सापडेल ते उचलून आणत आहेत. आज एक आजोबा-आजी आणले. सहा नातवंडं सोबत. आजी म्हणाली, पस्तीस वर्षं हा पळून गेला नाही, आता लग्न लावलंत तर जाईल. प्रमुख म्हणाला, आजी, पंखा मिळणार आहे. मग बसली.

कामाचा त्रास नाही. त्रास नावांचा. आमच्याकडच्या आयांना नावात उगाच एक एच घालायची काय हौस आहे, कळत नाही. जेरिक लिहायचं तर झेरिक. बेंजी नाही, भेंजी. रोनालिनची ऱ्होनालिन. विचारलं की म्हणतात, छान दिसतं. छान दिसण्यासाठी लिपस्टिक लावा, पावडर लावा. स्पेलिंगला हात कशाला लावता?

मी जिल्ह्याच्या स्पेलिंग स्पर्धेत दुसरा आलो होतो. कॉलेज दोन वर्षांतच सुटलं, पण ही गोष्ट कोणी काढून घेऊ शकत नाही.

१७ जानेवारी

निर्णय घेतला. सरकारी कागद हा सरकारी कागद. विवाहाच्या दाखल्यावर शुद्ध नावंच जातील.

मॅडमना रीतसर विचारलं की नावांची स्पेलिंगं मी तपासून सुधारू का. त्या फोनवर सुनेला डुकराच्या मटणाचा भाव सांगत होत्या. हातानेच हो म्हणाल्या. याला मी लेखी आदेश समजतो.

आज तेवीस एच काढले. फार दिवसांनी झोप चांगली लागेल.

२३ जानेवारी, गुरुवार

नव्व्याण्णव. गेले तीन दिवस नव्व्याण्णव. बरांगायवाले हात जोडतात, म्हणतात आता गावात न लावलेलं लग्न उरलंच नाही.

दुपारी मॅडमनी बोलावलं. नूडल्सची प्लेट पुढे सरकवली तेव्हाच समजायला हवं होतं. म्हणाल्या, तुझी ती बाजारातली मासळीवाली आहे ना, किती वर्षं फिरवतोयस तिला? मी म्हटलं, मॅडम, आमचं ठरलंय, आधी परमनंट, मग लग्न. मॅडम म्हणाल्या, जूनअखेर काँट्रॅक्ट संपतं ना तुझं?

एवढंच. आवाजही चढवला नाही. मी प्लेट संपवली.

संध्याकाळी बाजारात गेलो. धेसिलिन बांगुस माशाचे काटे काढत होती. सगळी परिस्थिती मुद्देसूद सांगितली: मेयरसाहेब, शंभर, जून. ती म्हणाली, ही मागणी आहे की ऑफिसचं काम? मी म्हटलं, दोन्ही. तिने एका गिऱ्हाइकाचा मासा तोलला, पिशवीत घातला, सुटे दिले. मग म्हणाली, ठीक आहे. तिची आई, मार्सेला मावशी, बर्फाच्या पेटीमागून म्हणाली, सहा वर्षांनी तोंड उघडलं आणि त्यातनं मेयर निघाला.

एकंदरीत सगळ्यांनी मिळून मला अडकवलं. पण मी शांत आहे. आत शिरलेल्या माणसालाच बाहेरची वाट नीट दिसते.

३० जानेवारी

लग्नाआधीचं सक्तीचं शिबिर. दोनशे माणसं, दोन पंखे. कुटुंब नियोजनाच्या बाईंनी केळं वापरून दाखवलं. आजोबांनी जागेवरूनच हात वर केला आणि विचारलं, आता याचा उपयोग काय?

मग प्रत्येक जोडप्याला विचारलं, भांडण झालं तर काय करता. धेसिलिन म्हणाली, हा माझं वाक्य सुधारतो, तोवर मी विसरते भांडण कशावरून होतं. सगळे हसले. मीही हसलो. वाक्यरचना चुकली होती, पण बोललो नाही. संसाराची ही पहिली तडजोड.

५ फेब्रुवारी

सगळे दाखले टाइप करून झाले. शंभर. एकही खाडाखोड नाही.

शेवटचा आमचा. तिथे क्षणभर बोटं थांबली. पण नियम सगळ्यांना सारखा हवा. स्वतःच्या बायकोला सवलत दिली तर इतरांना कोणत्या तोंडाने सांगणार? धेसिलिनची देसिलिन केली. किती सुटसुटीत दिसतं. तिला सांगितलं नाही. लग्नाची भेट म्हणून नंतर सांगेन.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं.

बास्केटबॉलचं मैदान, वर पत्रा, खाली शंभर जोडपी. लग्नाचा बारोंग शर्ट भाड्याचा, काखेत घट्ट. मेयरसाहेबांनी शपथ एकदाच वाचली आणि सगळ्यांनी एका दमात हो म्हटलं. मग निवेदक म्हणाला, तीन म्हणताच चुंबन. एकवर आजोबांनी घेऊन टाकलं. आमचं चारवर झालं, कारण मी सह्यांच्या टेबलाकडे बघत होतो. तिथे लोक नाव न वाचता भराभर सह्या करत होते. बरंच झालं, रांग अडली नाही.

प्रत्येक जोडप्याला पाच किलो तांदूळ आणि एक टेबलफॅन. फॅनवर मेयरसाहेबांचा चेहरा चिकटवलेला आहे. चालू केला की ते मान हलवून सगळ्या खोलीला नाही म्हणतात.

राहायला मार्सेला मावशींकडे, बाजाराच्या वरची खोली. खिडकी एक, तीही मासळीच्या बाजूला. दार लागलं तेव्हा वाटलं, संपलं सिमो. परमनंट झालो की भाड्याचं घर बघायचं. तोपर्यंत तोंडाने श्वास घ्यायचा.

४ मार्च

सकाळी ऑफिसच्या खिडकीवर झेरिक आला, बंदरावर हमाल आहे. बायकोचं नाव आरोग्य विम्यात घालायला गेला तर तिथे म्हणाले, हा दाखला तुझा नाही, हा कोणा जेरिकचा आहे.

मी त्याला शांतपणे समजावलं की जेरिक हेच बरोबर. तो म्हणाला, साहेब, तुम्ही शिकलेले आहात. पण माझ्या आईने मला जन्म दिला तेव्हा तुम्ही तिथे नव्हता.

हा काही शुद्धलेखनाच्या मुद्द्याचा प्रतिवाद होत नाही. तरी लिहून ठेवतो.

११ मार्च

भेंजी आला. ऱ्होनालिन आली. आजीही आली. तिच्या नावात एच होता हे मी विसरलो होतो. आजी म्हणाली, पस्तीस वर्षं पाप केलं तेव्हा कोणी कागद मागितला नाही.

मॅडमनी माझी यादी समोर ठेवायला सांगितली. एक्केचाळीस नावं. त्यांनी बोट ठेवून ती मोजली. मग म्हणाल्या, सिमो, तुला कोणी सांगितलं होतं? मी मटणाच्या दिवसाची आठवण दिली. त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले.

काढून टाकतील असं वाटलं होतं. उलट नवीन खिडकीच दिली. वर बोर्ड: विवाह दाखला दुरुस्ती. ज्याचं नाव चुकलं त्याने स्वतः यायचं, जन्माचा दाखला आणायचा, अर्जावर सही करायची. फी मेयरसाहेबांनी माफ केली. बेर्तोल्दो दादा म्हणाला, अभिनंदन, खातेप्रमुख झालास.

चेष्टा होती. पण मुद्दा खरा आहे. सिटी हॉलमध्ये माझ्या वयाच्या कुणाला स्वतःची खिडकी आहे?

१२ मार्च

रात्री जेवताना धेसिलिनला सांगितलं की तुलाही एकदा खिडकीवर यावं लागेल. तिने विचारलं, का? मी भेटीचं सांगितलं.

तिने चमचा खाली ठेवला. म्हणाली, म्हणजे कागदावर तुझं लग्न कोणाशी झालंय? मी म्हटलं, देसिलिनशी. ती कोण? कोणी नाही, म्हणजे तूच, पण कागदापुरती नाही. मग माझं लग्न कोणाशी झालंय? मी म्हटलं, कायद्याने पाहिलं तर हा गुंतागुंतीचा प्रश्न आहे.

ती हसायला लागली. लग्नानंतर पहिल्यांदाच इतकी हसली. मावशी भिंतीपलीकडून म्हणाली, काय झालं गं? ही म्हणाली, आई, मी सुटले.

विनोद चांगला घेतला. सोमवारी येईल सही करायला.

१७ मार्च, सोमवार

आली नाही. बांगुसाचा मोठा माल आला होता.

३१ मार्च

मावशीचा गुडघा.

१४ एप्रिल

ईस्टरआधीचा पवित्र आठवडा. ऑफिस अर्धवेळ. तिने यायचं ठरवलं असतं तरी उपयोग नव्हता, म्हणून मी विषय काढला नाही.

खिडकीवर गर्दी आहे. लोक मला आता नावाने ओळखतात. एकाने आज विचारलं, सिमोमध्ये एच कुठे घालू? रांग हसली. मी पुढच्याला बोलावलं.

२ मे

काल भांडण. फक्त एवढंच म्हणालो की एक सही करायला तुझ्या हाताला काय झालंय. ती म्हणाली, सहा वर्षं मी तुला विचारत होते, तेव्हा तू म्हणायचास, आधी परमनंट. आता तू थांब. मी म्हटलं, आपण नवरा-बायको आहोत. ती म्हणाली, ते देसिलिनला सांग. जा तिच्याकडे राहायला.

सध्या मी माझ्या आईकडे आहे. ऑफिस जवळ पडतं. हवा चांगली.

तरी रात्री कान त्या बाजाराच्या आवाजाकडे लागतो. पहाटे बर्फ फोडतात तो आवाज. मासळीचा वास नाही म्हणून झोप लागत नाही असं आईला सांगितलं तर ती म्हणाली, मग जाऊन सांग तिला, मला कशाला सांगतोस?

योग्य वेळी सांगेन.

१९ मे

ज्याचं नाव त्याचीच सही, नवऱ्याची चालत नाही. नियम पुन्हा वाचला. पळवाट नाही. लोकांना मीच वाचून दाखवतो, त्यामुळे पाठही झाला आहे.

म्हणजे मी विवाहित आहे, पण बायको नाही. दुसरं लग्न करता येत नाही, पहिलं पुरं होत नाही. तिला मात्र कुठेच काही अडत नाही. हे मांडून पाहिल्यावर उठून पाणी प्यायलो.

३० जून, सोमवार

चाळीस नावं दुरुस्त झाली. शेवटची आजी. जाताना म्हणाली, आता हा पळाला तर तुला धरीन.

राहिलं एक.

काँट्रॅक्टचा आज शेवटचा दिवस, म्हणून मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, मोकळ्या जागेवर मेयरसाहेबांचा भाचा येतोय. तुला ठेवायला माझ्याकडे काही कारण नाही. मग यादीवर नजर टाकून म्हणाल्या, एक अर्ज बाकी आहे का? मग तो येईपर्यंत खिडकी बंद करता येणार नाही. तोवर महिन्या-महिन्याने वाढवते तुला.

मॅडमना ते नाव कोणाचं ते ठाऊक आहे. चेहऱ्यावरून काही दिसलं नाही.

याचा अर्थ माझ्याशिवाय त्यांचं चालत नाही.

३ जुलै, गुरुवार

आज धेसिलिन आली.

सांगून आली नव्हती. रांगेत उभी राहिली. पुढे एक बाई चुकीच्या खिडकीवर आली होती, तिला वाट दाखवली, आणि काचेपलीकडे ही. निळा फ्रॉक. हातात जन्माचा दाखला. ठेला बंद करून आली होती, भर सकाळी, मासळी विकायच्या वेळी.

म्हणाली, बरेच दिवस विचार केला. तू मूर्ख आहेस हे मला सहा वर्षं माहीत होतं, नवीन काही कळलेलं नाही. आई पण म्हणते, पोरगा वाईट नाही, नुसता घाबरट आहे. मग काचेच्या भोकाजवळ तोंड आणून म्हणाली, आधी माझं नाव लिहून दाखव.

मी लिहिलं. धेसिलिन. एच मोठा काढला. तिने पाहिलं आणि डोळे पुसले. हसलीही. म्हणाली, आण अर्ज, कुठे सही करू? आणि संध्याकाळी लवकर ये, आईने डाळ टाकली आहे.

अर्ज माझ्या कोपराशी होते. नवा गठ्ठा, परवाच आलेला.

मागे मॅडम होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण कॅलक्युलेटरवरची बोटं थांबली. ही सही झाली की यादी संपली. यादी संपली की खिडकी संपली. खिडकी संपली की मी बाजारात बर्फ फोडणार. अशा माणसाबरोबर तिचं काय भलं होणार? हा विचार मी तिच्याच बाजूने केला. ऑगस्टमध्ये नव्या जागा निघणार आहेत असं ऐकलं आहे. चार आठवड्यांचा प्रश्न.

मी म्हणालो, अर्ज संपलेत. सोमवारी ये.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या कोपराकडे पाहिलं. दाखल्याची घडी घातली, पहिल्या घडीवरच, आणि पर्समध्ये ठेवला. बरं म्हणाली. फक्त बरं.

बेर्तोल्दो दादा पुढच्या मयताचं नाव टाइप करत राहिला.

सोमवारी ती आली की सगळं नीट समजावून सांगेन.

७ जुलै, सोमवार

ध्वजवंदन वेळेवर. खिडकी आठला उघडली. अर्ज भरपूर आहेत.

पाच वाजता बंद केली.