पंपहाउसमागचा वड

२ मे, शुक्रवार
आलं ते असं: कोकोपीटची पिशवी, १२ दिरहम (पावणेतीनशे रुपये, म्हणजे माती विकत). झारी, ९ दिरहम (दोनशे सात). पूजेचं सूत, अल मनखूल भागातल्या मैत्रिणीकडून, शुभ्राकडून, फुकट. वडाचं रोप, तेही फुकट. साळुंकीच्या कृपेने एसीमागच्या भेगेत उगवलं, तीन वर्षं डब्यात वाढवलं, आता माझ्या खांद्याला लागतं.

ते जमिनीत जायला हवं. आमच्या चायना क्लस्टर नावाच्या इमारतींसमोर तळ्याच्या काठी पब्लिक पार्क होतंय. ३० जूनला हे रिटायर, व्हिसा खलास, मग सातारा. बावीस वर्षं झाली, घरमालकाने भिंतीत खिळा ठोकू दिला नाही. जाताना आपलं एक काहीतरी इथे रुजवायचं. १० जूनची वटपौर्णिमा त्याच्याच बुंध्याशी. ठरलं.

५ मे
पार्कच्या झाडांचे फोरमन बदरुद्दीनभाई. त्यांना बेसनलाडू दिले. म्हणाले, भाभीजी, प्लॅन में खजूर है, नीम है, बरगद नहीं. मी विचारलं, खजुराला फेऱ्या घालू का? दुसऱ्या लाडवानंतर म्हणाले, पंपहाउसच्या मागे कोपरा आहे, तिथे साहेब बघत नाहीत. मोक्याची जागा मिळाली. एकांत.

ईश्वरीला सांगितलं. म्हणाली, आई, दॅट्स लिटरली बिहाइंड द टॉयलेट्स. पोरीला नोकरी लागली तरी सगळ्यात दोष दिसतात.

८ मे, सकाळी
वड लावला. हे आले नाहीत. म्हणाले, इतक्या वर्षांत मी रुजलो नाही, ह्याचं काय घेऊन बसलीस. उन्हाने माणूस असं बोलतो.

११ मे
सगळ्या झाडांना काळ्या नळीतून थेंब थेंब पाणी येतं, वडालाही एक तोटी आहे. बदरुद्दीनभाईंनी कौतुकाने सांगितलं, हे पाणी गटाराचं, मशीनमध्ये साफ केलेलं. ज्याच्या मुळाशी ब्रह्मदेव, त्याला हे? तिथल्या तिथे तोटीत काडी कोंबली, वर फडकं बांधलं. ह्यापुढे वडाला एसीचं ठिबकलेलं पाणी, रोज दोन बादल्या, मी स्वतः नेऊन घालणार. ते हवेतलं, म्हणजे सोवळं. शिवाय फुकट.

बदरुद्दीनभाई म्हणाले, पंप छुट्टी नहीं लेता, भाभीजी. मी म्हटलं, मीही घेत नाही, घरात विचारा.

२४ मे
पंचेचाळीस डिग्री. पानं पिवळी. नव्या पालवीआधी वड जुनी पानं टाकतो, शुभ लक्षण आहे. उद्यापासून तीन बादल्या. (गुडघा धरलाय, म्हणून तूर्तास एक.)

खालच्या मजल्यावरचे चिनी आजोबा तळ्याकाठी सावकाश हात हलवत व्यायाम करतात. आज वडापाशी थांबले, फोनमध्ये काही बोलले. फोन हिंदीत म्हणाला, पेड़ प्यासा है. मी नमस्कार केला. भक्तिभाव असला की भाषेचं अडत नाही.

५ जून
ईदच्या सुट्ट्या. पार्कला कुलूप. वॉचमन हमदुल्ला म्हणाला, संडे के बाद, इन्शाल्ला. बादली घरी आणली, तिच्यात फरशी पुसली. वाया कशाला.

६ जून, निर्जला एकादशी
मी आणि वड, दोघंही निर्जळी. झाडाला असा योग येतो कुठे. रात्री ह्यांनी विचारलं, त्या तोटीतली काडी काढली होतीस ना? मी जपाची माळ ओढायला घेतली.

९ जून
कुलूप उघडलं. वडावर पान नाही. ध्यानस्थ झालाय. एक फांदी सहज वाकवली, काटकन मोडली. फार तापलाय, बाकी काही नाही. शेजारचा नीम गटाराच्या पाण्यावर हिरवागार. त्याला कसला विधिनिषेध.

१० जून, वटपौर्णिमा
ताट घेऊन गेले तर खड्डा. बदरुद्दीनभाई मान खाली घालून म्हणाले, इन्स्पेक्शन होतं, सूखी लकडी निकालनी पड़ी. माझं फडकं तेवढं तोटीला तसंच बांधलेलं.

आज हे बरोबर आले होते. हसतील वाटलं, हसले नाहीत. मी काळ्या नळीच्या खुंटाभोवती सूत गुंडाळत गेले, हे दुसरं टोक धरून उभे राहिले. पूजा यथासांग झाली असंच लिहिते.

२९ जून
बॅगा भरल्या. पार्क सुरू झालंय, पोरांचा गलका वरपर्यंत येतो. बाल्कनीतून पंपहाउस दिसतं, त्याच्या मागचं नाही. बदरुद्दीनभाईंना द्यायचं पत्र आधी इथे उतरवून ठेवते, ईश्वरी हिंदी करून देईल. पत्त्यापाशी अडलं. आमची पोस्टपेटी म्हणजे ह्यांच्या कंपनीची, ती उद्यापासून आमची नाही. साताऱ्यात घर अजून बघायचंय. तेवढी जागा कोरी सोडली.

बदरुद्दीनभाईंना नमस्कार. खोड तुम्ही काढलंत, पण मुळं आत राहिली असणार. फडकं मी काल सोडलं, काडीही काढली. तुमचं पाणी चालू द्या, माझी हरकत नाही. कोंब दिसला तर उलट टपाली कळवावे. नाही दिसला तरी कळवावे.