सेंटर कोर्टची शेवटची आखणी

दि. ६ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तिकडेही ठीकच असणार असं धरून चालते. तू काही कळवत नाहीस, तेव्हा माणसाने दुसरं करायचं काय? वहिनीला नमस्कार. छोटीला माझा पापा दे आणि आत्या म्हणजे कोण ते एकदा समजावून सांग.

बातमी अशी की आपलं स्टेडियम पाडणार. शहराबाहेर नवीन बांधून तयार आहे. सरकतं छप्पर, निळं कडक कोर्ट, गवताची कटकटच नको. इथे उंच इमारती येणार. पुढच्या महिन्यात शेवटचा सामना आहे आणि त्यानिमित्त क्लब स्टेडियमच्या इतिहासाची स्मरणिका काढतोय. बाबा माळीकामातून निवृत्त झाल्यावर आम्ही दुसरीकडे राहायला गेलो, तरी मी अजून स्टँडखालच्या त्याच खोलीत रॅकेटच्या तारा ओढत बसते, हे नव्या सेक्रेटरींना कुणीतरी सांगितलं. त्यांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, वडिलांकडून जुन्या आठवणी काढून द्या. माणूस बरा आहे, बसा म्हणतो.

मग बाबांना बोलतं केलं. त्यांचा इतिहास वीटभट्टीपासून सुरू होतो. भट्टीवाल्यांनी माती काढून काढून केलेला खड्डा आजोबांनी इतर मजुरांबरोबर भरला आणि भरता भरता तिथलेच होऊन गेले. पहिलं गवत त्यांच्या हातचं. एका बाजूला लाकडी बाकं, झालं स्टेडियम. पुढे एका अंतिम सामन्यानंतर बाकांना आग लागली, तेव्हा लोक आपापले कोट-टोप्या वाचवत होते आणि आजोबा बादलीने गवतावर पाणी मारत होते. हे सांगताना बाबांची मान अशी ताठ झाली की जणू बादली त्यांच्याच हातात होती. मग गोलाकार काँक्रीट आलं आणि पूर्वेकडच्या स्टँडखाली आपल्या दोन खोल्या. पायऱ्यापायऱ्यांचं छत आठवतं ना? दर वर्षी उंची वाढली की डोकं नव्या जागी आपटायचं. वरच्या पायांच्या आवाजावरून आई भांडी घासता घासता सांगायची, सेट संपला.

फ्लडलाइट आले त्या वर्षापर्यंत बाबा आले आणि थांबले. त्याच्या पुढचं वर्ष तुझं. म्हणाले, पुढे विशेष काही नाही. मीही पेन ठेवून दिलं.

पत्र लिहिण्याचं खरं कारण वेगळंच आहे. शेवटच्या सामन्यासाठी कोर्टाच्या रेघांची आखणी बाबांनी करावी असं सेक्रेटरी म्हणाले. हल्ली मशीन ढकलत नेलं की रेघ उमटते, पण बाबांना दोरी आणि चुनाच हवा. दोरी ताणायला दोन माणसं लागतात. दुसरं टोक कोण धरणार, मी विचारलं. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला आणि म्हणाले, "डावऱ्याला विचार." तुझं ते नाव मी कितीतरी वर्षांनी त्यांच्या तोंडून ऐकलं.

म्हणून विचारते आहे. येशील का?

बाबांना थोडा खोकला आहे. हवा बदलली की होतोच.

तुझी
धाकटी


दि. २५ मार्च

प्रिय दादा,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या वर्षांत पहिलं, आणि तेही दोन ओळींचं. "मला त्या गवतावर पाय ठेवायला बंदी आहे. विसरलीस वाटतं."

विसरले नाही रे. तू सतरा वर्षांचा होतास, निवड चाचणी तोंडावर आली होती. क्लबच्या एका बड्या मेंबरच्या मुलाने तुला डिवचलं, की तू मागच्या कोर्टवरचा वाघ, सेंटर कोर्टवर तुझी शेळी होईल. स्पर्धा सुरू व्हायच्या आदल्या सकाळी, दवात, तुम्ही दोघं तिथे खेळलात. तू जिंकलास, हे कुणी लिहून ठेवलं नाही. बेसलाइनजवळचं गवत तुझ्या टाचांनी उखडलं. पाहिलं फक्त बाबांनी. कुत्रं घुसलं म्हणाले असते तरी चाललं असतं. पण ते स्वतः उठून सेक्रेटरींकडे गेले आणि तुझं नाव सांगितलं.

मेंबरच्या मुलाला कुणी हात लावणार नव्हतंच. तुला बंदी, तुझा सराव बंद, कोचनी तोंड फिरवलं. तू गेलास तेव्हा आई फाटकापर्यंत अनवाणी धावली होती. आणि ती वारली तेव्हा तू आलास, पण तिला बाहेर आणेपर्यंत फाटकाबाहेर रस्त्यावरच उभा राहिलास. बाबा आतून तुझ्याकडे बघत होते. आम्हाला दोघांनाही तुला आत ये म्हणता आलं नाही.

तर, कार्ड घेऊन मी सेक्रेटरींकडे गेले. म्हटलं, ही बंदी उठवा. त्यांनी जुन्या लोकांना विचारलं. कुणालाच काही आठवेना. शेवटी हसले, वाईट नव्हे, आपलं माणसासारखं, आणि म्हणाले, असेल तर उठली समजा. मी बाहेर येऊन पायऱ्यांवर बसून रडले. ज्या बंदीने आपल्या घराचे दोन तुकडे केले, ती इथे कुणाच्या ध्यानातही नाही.

आता दुसरं. तो खोकला नाही, दादा. फुप्फुसात गाठ आहे. डॉक्टर हल्ली औषध बदलत नाहीत, नुसतं वाढवतात. मी आजारी म्हणून तो येणार असेल तर कळवू नकोस, असं बाबांनी बजावलं होतं. मी कळवते आहे. सामना बारा तारखेला, आखणी अकराच्या सकाळी. ये. भांडायचं असेल तर भांडायला ये, पण ये.

तुझी
धाकटी


दि. २ मे

दादा,

बाबा गेल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा तू "बरं" म्हणालास आणि ठेवून दिलास. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच.

अकरा तारखेला मी त्यांना रिक्षाने फाटकापर्यंत नेलं. तिथून पुढे हात धरू दिला नाही. कोर्टाच्या कडेला चपला काढल्या, दोरी खांद्यावर घेतली. मी टोक धरायला हात पुढे केला तर म्हणाले, थांब जरा. अंपायरच्या उंच खुर्चीच्या पायाशी बसले. फाटक वाजलं की मान वर करायचे. एकदा एक उंच माणूस डावा हात खिशात घालून आला, तर बाबा चटकन उभे राहिले. टीव्हीची केबल टाकणारा होता तो. बाबांनी उगाच दोरीचा गुंता सोडवल्यासारखं केलं, दोरीला गुंता नव्हता.

ऊन वर आलं. नवे माळी चुळबुळ करायला लागले. मग बाबा मला म्हणाले, "घे टोक. तो येणार नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही आलो नसतो."

आम्ही आखणी केली. सारखे थांबत होते, धाप लागत होती, पण रेघ सरळ आली. बेसलाइनशी आल्यावर खाली बसले आणि गवतावर हात ठेवून म्हणाले, "इथलं गवत तेव्हा तीन आठवड्यांत भरून आलं. येणारच होतं. गवतातलं माझ्याइतकं कुणाला कळत होतं? तरी गेलो सांगायला. दुसऱ्या कुणी सांगितलं तर खोली जाईल, नोकरी जाईल, एवढंच डोक्यात होतं. पोरापेक्षा मला त्या दोन खोल्या मोठ्या वाटल्या."

मी म्हटलं, हे दादाला लिहू? म्हणाले, नको, मरताना माफी मागतोय असं वाटेल त्याला. दोन आठवड्यांनी गेले. दोरीच्या टोकाला तूच का हवा होतास, ते मला त्या सकाळी कळलं. त्यांना ते तुला सांगायचं होतं, कोर्टवर, तुझ्यासमोर. तू नव्हतास म्हणून मला सांगितलं. माझ्या काय कामाचं ते?

तू चुकलास असं मी म्हणत नाही, ते स्वतःच म्हणाले नाहीत. पण मला तुझा राग येतो, त्यांचाही येतो, आणि भांडायला दोघांपैकी कुणीच समोर नाही. स्मरणिका छापून आली. जिंकलेल्यांची नावं आहेत, आगीचा फोटो आहे, आजोबांची बादली नाही. पूर्वेकडचा स्टँड कालपासून पाडताहेत. रस्त्यावरून आपलं पायऱ्यांचं छत उघडं दिसतं. आईची भांड्यांची फळी अजून भिंतीला आहे.

मी रोज जाऊन उभी राहते. फाटक काढून नेलंय. आत यायला आता तुला अडवणारं कुणी नाही, दादा, आणि आत ये म्हणणारी मी एवढी एकच उरले आहे.

तुझी बहीण,
तू मानत असशील तर