तू सांगितलेला शेवट

डिंडोली, सुरत
११ जानेवारी १९९७

प्रिय राखी,

'प्रिय' लिहावं की नाही यावर बराच वेळ घालवला. शेवटी लिहिलं, पण म्हणून राग गेलाय असं समजू नकोस.

मंगलाबाई पलसाण्याला तुमच्या चाळीत लेकीकडे राहून आल्या आणि आल्यापासून तुझंच पुराण लावून बसल्यात. तिथेही म्हणे आता बायका एकीलाच मॅटिनीला पाठवतात, तिच्या वाटच्या साड्यांना खडे चिकटवून ठेवतात आणि ती आली की काम करता करता तिच्या तोंडून सिनेमा ऐकतात. राखी, ही पद्धत आपल्या गल्लीची. माझ्या ओट्यावर सुरू झालेली. तू ती तिकडे नेलीस ती नेलीस, वर माझी जागा कुणा सरलाबाईला दिलीस. तुझ्या उजव्या हाताला बसते म्हणे, डिंकाची वाटी धरून. ऐकून माझा जीव नुसता जळला. तुझे 'हे', भटूभाऊ, कामाच्या पाळीवर गेले की तू बाहेर येतेस आणि ते यायच्या आत बरोबर उठतेस, हेही कळलं. इथे तर भाजी करपली तरी उठायची नाहीस. तिकडच्या बायकांनी बरीच शिस्त लावलेली दिसते.

तू पलसाण्याला राहायला गेल्यापासून सिनेमे सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पहिला पाहिला तो दोन भावांचा. नायक बर्फात पातळ सदरा घालून नाचतो आणि त्याला साधी शिंकही येत नाही. आई मात्र पहिल्यापासून खोकते आणि शेवटी ठणठणीत बरी होते, मग आमचा जीव एवढा कशाला टांगला? नंतरचा भुताचा. भुताच्या मनगटावर घड्याळ होतं. मी ते प्रामाणिकपणे सांगितलं, तर बायका हसत सुटल्या आणि भीती गेली उडून. सीता म्हणाली, राखी असती तर तिला घड्याळ दिसलंच नसतं. माझ्या हातातल्या साडीचे खडे मात्र सगळे वाकडे लागले.

मागे शेजारी व्हिडिओ आणला होता, तेव्हा तो पुराचा जुना सिनेमा लागला. तू सांगितला होतास तोच. तुझी नायिका सासूला ठणकावून नोकरीला निघाली होती. पडद्यावरची बघते तर सासूचे पाय चेपत बसलेली! तेव्हा कळलं की आम्ही इतकी वर्षं तुझेच सिनेमे ऐकत होतो. अडकलेल्या प्रत्येक बाईला तू शेवटी सोडवून आणायचीस. खऱ्यापेक्षा तुझेच चांगले होते, आणि असा हात मला नाही, म्हणून मी तुझ्यावर जळते. लपवून काय करू?

आता तिसऱ्याचं. तू पलसाण्यात सांगितलास तो, डोंगरातल्या बंगल्याचा. मंगलाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "तुनी राखीनी गोट आयकीसनी समद्या बाया रडन्यात, मंदा." माझ्या सांगण्याने कुणी जांभईसुद्धा आवरत नाही. म्हणून मुद्दाम तुझ्या चुका काढायला गेले. मंगलाबाईंनी सांगितलेला तुझा शेवट मला पाठ होता. धाकटी सून भांडी घासून पालथी घालते, दाराला कडी लावते, घरामागच्या कालव्यावर जाते आणि परत येत नाही. मी तेच बघायला बसले होते. पडद्यावर ती सून पिशवी उचलून मैत्रिणीकडे गेली, मैत्रिणीने तिला जेवू घातलं आणि सिनेमा संपला. लोक उठून गेले, तरी मी बसूनच राहिले.

राखी, त्या सिनेमात कालवा नाहीच. घरी येऊन मी मंगलाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कालवा तुमच्या चाळीमागे आहे. मग भटूभाऊ यायच्या आत तू का उठतेस तेही विचारलं. तेव्हा त्यांनी तुझ्या दंडावरचे वळ सांगितले. मी मूर्ख, इतके दिवस सरलाबाईवर जळत बसले होते. हे पत्र पोस्टात टाकत नाही, भटूभाऊंच्या हाती पडायला नको. मंगलाबाईंच्या हाती देतेय; त्या उद्या लेकीला तीळगूळ द्यायला येतायत, भटूभाऊ पाळीवर असतानाच. त्यांच्याबरोबरच निघून ये, भांडी आहेत तशी राहू देत. आमच्या ह्यांना मी सांगून ठेवलंय, आतली खोली तुझी. सरलाबाईला म्हणावं, मंदाची जागा मंदाने परत मागितली आहे. ये, आणि तो सिनेमा माझ्या ओट्यावर बसून पुन्हा सांग. शेवट मी बघून आलेय, तोच सांग.

तुझी वाट बघत दारात उभी,
तुझीच,
मंदा